डोंगर, समुद्र आणि आईची पाण्याची बाटली

वाचकहो, दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुटी जवळ आली की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. मुलगा किंवा सून विचारते, ‘‘डॉक्टर, आम्ही सिमल्याला निघालोय. आईंना न्यावं का?’’ आई शेजारच्याच खुर्चीत बसलेल्या असतात. रक्तदाब मोजण्याचा पट्टा अजून त्यांच्या दंडावर असतो. प्रश्न त्यांच्याविषयी असतो, पण त्यांना विचारलेला नसतो. मी त्यांच्याकडे पाहिले की त्या म्हणतात, ‘‘मला मेलीला काय करायचंय फिरून? तुम्ही जा खुशाल.’’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे, की त्यात मनापासूनचे किती आणि संकोचाचे किती हे आता बहुधा ओळखता येते. बहुधाच. माझ्या स्वतःच्या घरात मात्र ते मला ओळखता आले नाही.

माझे वडील सातारा जिल्ह्यातील एका शाळेत भूगोल शिकवीत. निवृत्तीनंतर ‘एकदा हिमालय पाहायचा आहे’ असे ते अधूनमधून म्हणत. अडुसष्टाव्या वर्षी त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि तेव्हापासून मी त्यांची मुलगी कमी व डॉक्टर अधिक झाले. हिमालय हा शब्द निघाला की माझ्या डोळ्यांपुढे केदारनाथची चढण, विरळ हवा, कोसळलेल्या दरडी आणि कित्येक कोसांवर असलेले रुग्णालय उभे राही. ‘‘पुढच्या वर्षी पाहू, बाबा,’’ असे मी सात वर्षे म्हणत राहिले. पंचाहत्तराव्या वर्षी ते गेले.

दिवसकार्य आटोपल्यावर त्यांचे टेबल आवरताना एक शंभर पानी वही सापडली. रेल्वेचे नवे वेळापत्रक दरवर्षी विकत घेण्याची त्यांना सवय होती. त्या वहीत एकाच प्रवासाच्या वेळा त्यांनी वर्षागणिक खोडून पुन्हा पुन्हा लिहिल्या होत्या : पुणे ते दिल्ली, दिल्ली ते काठगोदाम. त्याखाली त्यांच्या ठळक, शाळकरी अक्षरात एकच ओळ होती : ‘पुढे मोटारीने अल्मोडा, कौसानी. उंची १,८९० मीटर. येथून त्रिशूल दिसते.’

कौसानीची उंची मसुरीहूनही थोडी कमीच आहे. तेथे मोटार थेट दाराशी जाते. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला घेऊन, योग्य ऋतू निवडून, मी त्यांना सहज नेऊ शकले असते. ‘बाबा, हिमालय म्हणजे नेमका कुठला?’ एवढे मी कधी विचारलेच नव्हते. मी नाही म्हणत होते ते केदारनाथला, आणि ते मागत होते कौसानी.

म्हणून आज आपल्याबरोबर हा देश वरून खाली उतरत यायचे आहे, लेहच्या पठारापासून कोकणच्या वाळूपर्यंत. प्रत्येक पायरीवर शरीराकडून काय मागितले जाते, हे एकदा कळले की होकार आणि नकार दोन्ही नेमके देता येतात.

सुरुवात उंचीपासून करू. उंचावर प्राणवायूचे हवेतील प्रमाण घटते असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात प्रमाण सर्वत्र एकवीस टक्केच असते, घटतो तो हवेचा दाब. दाब घटला की प्रत्येक श्वासात येणारी हवाच कमी होते. सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेह येथे हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळजवळ दोनतृतीयांश असतो. तेथे निरोगी माणसाच्याही बोटाला लावलेले ऑक्सिमीटर पहिल्या दिवशी नव्वदच्या खाली उतरू शकते. त्रास सामान्यतः २,५०० मीटरच्या वर सुरू होतो : डोके ठणकते, अन्नावरची वासना जाते, मळमळते, झोप तुटक होते. मुंबई-पुण्याहून विमानाने दिल्ली आणि तेथून थेट लेह गाठणाऱ्यांनी पहिले दोन दिवस खोलीत आणि अंगणात काढावेत, पुढच्या खिंडी नंतर पाहाव्यात. बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल जाऊ लागला किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरणे हाच उपचार होय. या आजारातून तरुण, धट्टेकट्टे लोकही सुटत नाहीत. वयस्कांची अडचण अशी की उंचीच्या पहिल्या दिवसांत रक्तदाब आणि हृदयाचे ठोके वाढतात, थंडीने त्यात भर पडते, आणि हृदयाच्या किंवा फुप्फुसाच्या जुन्या आजाराला हा भार पेलतोच असे नाही.

येथे एका गैरसमजाविषयी थांबून सांगते, कारण तो दरवर्षी माझ्याकडे येतो. केदारनाथ सुमारे ३,५८० मीटरवर आहे. गौरीकुंडापासूनची पायवाट झेपणार नाही म्हणून कुटुंबे हेलिकॉप्टरचे तिकीट काढतात आणि आता काळजी मिटली असे समजतात. हेलिकॉप्टर गुडघे वाचवते, फुप्फुसे वाचवत नाही. उलट पायी चढणाऱ्याच्या शरीराला उंची अंगवळणी पाडून घ्यायला जो थोडा अवधी मिळतो, तोही काही मिनिटांच्या उड्डाणात मिळत नाही. सिक्कीममध्ये गंगटोकहून नाथू ला खिंडीत जातानाही हेच घडते : गंगटोक आहे १,६५० मीटरच्या आसपास, खिंड ४,३०० मीटरवर, आणि मोटार हे अंतर एका सकाळीत चढते. दम्याच्या किंवा हृदयविकाराच्या ज्येष्ठांनी त्या दिवशी गंगटोकमध्येच थांबावे, असे मी निःसंकोच सांगते. आकाश निरभ्र असेल तर कांचनजंगा गंगटोकमधूनही दिसते.

आता त्याखालची पायरी पाहा. सिमला, मसुरी, नैनिताल, मनाली, दार्जिलिंग, आणि दक्षिणेतील उटी व कोडाईकॅनल ही सारी गावे दोन हजार मीटरांच्या आसपास किंवा थोडी वर आहेत. प्रवासी विमानाच्या आतला हवेचा दाब साधारणपणे १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तेवढा राखलेला असतो. म्हणजे मुलाकडे बंगळुरूला विमानाने सुखरूप जाऊन आलेल्या आजोबांनी, बसल्या बसल्या का होईना, सिमल्याच्या हवेत तास-दोन तास श्वास घेतलेलाच असतो. जो माणूस घरचे दोन मजले न थांबता, छातीत न दुखता चढतो, त्याला या गावांची हवा सहसा जड जात नाही. ही कसोटी ढोबळ आहे. झटका, शस्त्रक्रिया किंवा अँजिओप्लास्टी होऊन फार दिवस झाले नसतील, तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये.

या गावांत फुप्फुसांपेक्षा गुडघ्यांचा प्रश्न मोठा असतो. सिमल्याच्या मॉलवर खासगी वाहने जात नाहीत. पण खालच्या कार्ट रोडवरून वर यायला सार्वजनिक लिफ्ट आहे, ही गोष्ट अनेकांना परतल्यावर कळते. मसुरीचा कॅमल्स बॅक रस्ता साधारण तीन किलोमीटर लांब आणि बराचसा सपाट आहे. सकाळी काठी टेकत त्याचा अर्धा भाग चालून यावा, पुरा करण्याचा हट्ट धरू नये. काल्का ते सिमला ही १९०३ साली सुरू झालेली छोटी गाडी आणि मेट्टुपालयमहून उटीला चढणारी दात्यांच्या रुळाची गाडी या दोहोंत डोंगर पायांना न शिणवता पाहायला मिळतो.

आईला कौसानीला नेले ते बाबांच्या पश्चात दोन वर्षांनी, नोव्हेंबरमध्ये. पावसाळा सरलेला असतो आणि आकाश स्वच्छ, म्हणून शिखरे पाहायला हा काळ उत्तम. आईचे वय तेव्हा त्र्याहत्तर. रक्तदाब, दुखरे गुडघे, आणि हृदयाची क्षमता थोडी उणावलेली, त्यासाठी रोज सकाळी लघवीची गोळी. मी जय्यत तयारी केली होती. उंचीचा तक्ता केला, ऑक्सिमीटर घेतले, औषधे दोन पिशव्यांत विभागली, जुन्या कार्डिओग्रामची प्रत घेतली. दिल्लीहून रेल्वेने काठगोदामला उतरलो आणि मोटारीने भोवालीवरून अल्मोड्याला पोचलो. अल्मोड्याची उंची १,६४० मीटरच्या सुमारास, म्हणजे काळजीचे कारणच नाही, असे मी मनाशी म्हटले.

त्या रात्री दोन वाजता आईच्या खोकल्याने मला जाग आली. ती उशीला टेकून बसली होती. आडवे झाले की दम लागतो, म्हणाली. मी तिच्या पायांवर अंगठा दाबला, खळगा पडला. पहिला प्रश्न विचारला तो गोळीचा. ती आधी काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘दोन दिवस घेतली नाही गं. घेतली की सारखं उठावं लागतं. गाडी चालवणारा परका माणूस, पुढे जावई बसलेले. सारखं थांबवा म्हणून कोण सांगणार?’’ तिच्या पिशवीत पाण्याची बाटली होती. दिल्लीच्या स्थानकावर मी स्वतः भरून दिलेली. ती तशीच गच्च भरलेली होती.

वाचकहो, एकीकडे पाणी न पिणे आणि दुसरीकडे अंगात पाणी साठणे या दोन गोष्टी एकाच माणसात कशा, असे आपल्याला वाटेल. गोळी थांबली की मूत्रपिंडे मीठ आणि पाणी धरून ठेवतात. त्यात दोन दिवसांच्या प्रवासात चिवडा, लोणचे, ठेपले असे खारट खाणे झालेले. मी तिला टेकून बसवले, गोळी दिली, तिच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन केला. पहाटेपर्यंत तिचा श्वास सुधारला आणि सकाळी तेथल्या एका डॉक्टरांनी तिला तपासले. माझ्या हाताशी साधने होती आणि तिचा आजार मला ठाऊक होता, म्हणून मी ते काही तास खोलीत काढले. आपण तसे करू नये. आडवे पडल्यावर धाप लागणाऱ्या ज्येष्ठ व्यक्तीला उजाडण्याची वाट न पाहता रुग्णालयात न्यावे.

मला राग आला तो माझा. डोंगराची उंची मी मीटरमध्ये पाहून आले होते, पण आईला लघवीला कुठे आणि कितीदा जाता येईल, याचा विचार मी केला नव्हता. प्रवासात पाणी टाळणारे ज्येष्ठ, विशेषतः स्त्रिया, घरोघरी आहेत. त्यांना तहानही तरुणांइतकी लागत नाही, त्यामुळे पाणी टाळणे सोपे जाते. आणि मग चक्कर, मलावरोध, मूत्रमार्गाचा संसर्ग, कधी रक्तातील सोडियम वाढून गोंधळलेपण. लघवीची गोळी प्रवासाच्या दिवशी पुष्कळदा मुक्कामी पोचल्यावर घेता येते. वेळ बदलता येते, पण तिला सुटी देता येत नाही, आणि हा बदल आपल्या डॉक्टरांना विचारून करायचा असतो. दुसरा उपाय वैद्यकशास्त्राबाहेरचा आहे. अल्मोड्यानंतर मी दर दीड तासाला ‘‘मला उतरायचं आहे’’ असे स्वतःच म्हणू लागले. मी उतरले की आई उतरे. तिला कधीच गाडी थांबवावी लागली नाही, आणि बाटली दुपारपर्यंत रिकामी होऊ लागली.

अल्मोड्याला एक पूर्ण दिवस विसावा घेऊन आम्ही कोसी नदीच्या काठाकाठाने कौसानीला पोचलो. १९२९ साली गांधीजी येथे काही दिवस राहिले होते. ते जेथे राहिले त्या जागी आता अनासक्ती आश्रम आहे आणि त्याच्या अंगणातून शिखरांची रांग दिसते. आईला तेवढेही चालावे लागले नाही. आमच्या निवासाच्या गच्चीत खुर्ची टाकून, कानटोपी, शाल आणि पायमोजे चढवून ती पहाटे साडेपाचला बसली होती. बराच वेळ निळसर अंधाराखेरीज काही नव्हते. मग एका टोकाला तांबूस ठिपका उमटला, तो खाली ओघळत गेला आणि तीन शूळांचे शिखर उभे राहिले. ‘‘हेच का ते?’’ तिने विचारले. निवासातल्या मुलाने मान डोलावली. आई बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, ‘‘ह्यांनी पाटीवर काढून दाखवलेलं एवढं मोठं नव्हतं.’’ मग तिने चहा मागितला.

हिमालयाइतके दूर जाणे सर्वांना जमत नाही, जमावे असेही नाही. आपल्या सह्याद्रीत डोंगर आणि समुद्र एका दिवसाच्या अंतरावर आहेत. कौसानीनंतरच्या हिवाळ्यात आईला आम्ही महाबळेश्वरला नेले आणि तेथून खाली हरिहरेश्वरला. साताऱ्याच्या माणसाला महाबळेश्वर म्हणजे पाहुण्यांना दाखवायचे गाव. आपण स्वतः निवांत तेथे राहत नाही. उंची सुमारे १,३५० मीटर, म्हणजे हवेची भीती नाही. भीती आहे ती ओलीची. पावसाळ्यात येथे धो धो पाऊस आणि दाट धुके असते, भिंती आणि गाद्या दमट राहतात, आणि बुरशीच्या वासाने दमेकऱ्याची छाती पहिल्याच रात्री वाजू लागते. दमा असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा आणि खोली ताब्यात घेण्यापूर्वी दार उघडून नाकाने तपासावी. पॉइंट किती पाहिले, ही मोजदाद सोडून द्यावी. विल्सन पॉइंटला मोटार जवळवर जाते, उगवतीचा सूर्य दिसतो. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री यांचे उगम एकत्र मानतात. तेथील थंड दगडावर दोन घटका बसणे आईला सर्वांत आवडले. प्रतापगडाच्या शेकडो पायऱ्या मात्र आम्ही खालूनच पाहिल्या. पायऱ्यांविषयी एक ध्यानात ठेवावे : झिजलेल्या गुडघ्यांवर चढण्यापेक्षा उतरण्याचा ताण अधिक पडतो. ‘चढता येतंय की’ म्हणून वर नेलेली आजी परतीच्या वाटेवर अडकते.

महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना वळणांना अंत नसतो. पुढच्या बाकावर बसावे, पोट रिकामेही नको आणि भरलेलेही नको, नजर दूरच्या डोंगरावर ठेवावी. उलटी थांबवण्याच्या गोळ्या दुकानातून परस्पर घेऊ नयेत. त्यांतल्या काहींनी वयस्कांना गुंगी येते, तोल जातो, आणि प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी तुंबू शकते. डोंगरातून मूत्रनलिका घालून घेण्यासाठी रात्री परत धावत आलेले दोन सद्गृहस्थ मी पाहिले आहेत. पावसाळ्यात या घाटात दरडी कोसळतात. तेव्हा या वाटेला जाऊच नये.

महाड, म्हसळा करीत हरिहरेश्वर आले की हवा अंगाला चिकटू लागते. डोंगरात घाम वाळतो आणि वाळताना अंग गार करतो. किनाऱ्यावरील दमट हवेत तो नुसता वाहतो. म्हणून किनाऱ्याचे तापमान आकड्यात कमी दिसले तरी उष्णतेचा त्रास होऊ शकतो. मे महिना आणि ऑक्टोबरची दुपार ज्येष्ठांसाठी टाळलेली बरी. उतरताना कपड्यांइतकीच औषधांची चिंता करावी : इन्शुलिन मोटारीच्या डिकीत ठेवू नये, शीतकपाट नसेल तर ओल्या फडक्यात गुंडाळलेले छोटे मातीचे मडके चालते. इन्शुलिनची कुपी कोरड्या पिशवीत बांधून त्यात ठेवावी.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा डोंगरातील पायऱ्यांवरून आणि समुद्रालगतच्या खडकांवरून जाते. खडक शेवाळलेले, भरतीला पाणी वर येणारे. तरुणांनीही ओहोटीची वेळ पाहून जावे, आणि वयस्कांनी देवळातल्या देवळात हात जोडावेत. भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरच्या लोकांचा एक जुना ठोकताळा आहे : तिथीची पाऊणपट. अष्टमी असेल तर सहाच्या सुमारास, चतुर्थी असेल तर तीनच्या. अंदाज ढोबळच, पण घरच्या कालनिर्णयावरून काढता येतो. मुक्कामी पोचल्यावर गावकऱ्यांकडून पक्का करून घ्यावा.

समुद्राविषयी मला सर्वाधिक भय वाटते ते घोटाभर पाण्याचे. खोल पाण्यात आजी जातच नाही. ती काठावर उभी राहते, साडी वर धरून, समुद्राकडे पाठ करून, फोटोसाठी. लाट परतताना पायाखालची वाळू ओढून नेते, टाचा खचतात आणि माणूस कोसळतो. माझ्या एका रुग्णबाईंचे खुब्याचे हाड अशाच घोटाभर पाण्यात मोडले. ती वर्षभर काठीवर होती. समुद्रात उभे राहायचे असेल तर तोंड लाटेकडे असावे, एक पाय थोडा पुढे, आणि दंडाला धरलेला एक मजबूत माणूस. फोटो काढणारा दुसरा असावा.

दुसरे भय तळव्यांचे. मधुमेह जुना झाला की तळव्यांची संवेदना बोथट होते. गणपतीपुळ्याला देवळामागच्या डोंगराची सुमारे एक किलोमीटरची प्रदक्षिणा आहे, फरसबंद आणि सुरेख. भाविक ती अनवाणी करतात. भर दुपारी तापलेल्या फरशीवरून ती श्रद्धेने पुरी केलेले एक काका दुसऱ्या दिवशी दोन्ही तळव्यांना फोड घेऊन माझ्याकडे आले. त्यांना वाटेत काहीही जाणवले नव्हते, आणि हीच तर त्या आजाराची कुलक्षणी खोड. सकाळी नऊच्या आत किंवा उन्हे कलल्यावर जावे, सुती पायमोजे घालावेत, आणि रात्री झोपण्यापूर्वी तळवे आरशात किंवा दुसऱ्याकडून पाहून घ्यावेत. वाळूलाही हाच नियम. देव पायमोज्यांवर रागावत नसावा.

कोकणाबाहेरचे दोन किनारे थोडक्यात सांगते. जगन्नाथपुरीचा किनारा प्रशस्त असला तरी लाटा जोरकस आहेत. पाण्यात उतरायचे असेल तर किनाऱ्यावरच्या नुलियांना, म्हणजे जीवरक्षकांना, बरोबर घ्यावे. कन्याकुमारीला विवेकानंद शिलास्मारक आहे. १९७० साली पूर्ण झालेल्या त्या स्मारकामागे एकनाथजी रानडे या आपल्या मराठी माणसाची चिकाटी होती, म्हणून अनेकांना तेथे पाऊल टेकवायचेच असते. बोटीची रांग गर्दीच्या दिवसांत फार लांबते. सकाळी पहिल्या बोटी गाठाव्यात, नाही तर काठावरूनच दर्शन घ्यावे. उगवता आणि मावळता असे दोन्ही सूर्य तेथे काठावरूनही दिसतात.

आता, शुश्रूषा करणाऱ्या वाचकहो, थोडे आपल्याशी. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला घेऊन जाताना रात्रीची सर्वाधिक काळजी घ्यावी. घरी अंधारातही न्हाणीघर कुठे आहे हे त्यांच्या पायांना ठाऊक असते. परक्या खोलीत पायांची ती ओळख पुसली जाते आणि माणूस घाबरून दार उघडून बाहेर पडतो. घरून रात्रीचा मंद दिवा न्यावा, त्यांची नेहमीची चादर आणि उशी न्यावी, न्हाणीघराचे दार उघडे ठेवावे, खिशात नाव आणि फोन लिहिलेली चिठ्ठी असावी. सहा रात्रींत पाच गावे असा कार्यक्रम त्यांच्यासाठी छळच असतो. एका खोलीत तीन रात्री, हे माझे प्रमाण. त्या तीन रात्रींतला एक दिवस दुसऱ्या कुणावर भार सोपवून आपण एकट्याने फिरून यावे. अपराधी वाटेल, तरी यावे. आणि आजार फार पुढे गेला असेल, जागा बदलली की त्यांचा जीव कासावीस होत असेल, तर त्यांना बहिणीकडे किंवा भावाकडे ठेवून आपण चार दिवस जाऊन येण्यातही काही गैर नाही. सत्तरीच्या पत्नीने सत्तरीच्या पतीची वर्षानुवर्षे केलेली सेवा पाहणारी मी, हे वजन रोज पाहते.

निवास ठरवताना फोनवर विचारायच्या गोष्टी मोजक्याच आहेत : खोली तळमजल्यावर आहे का, संडास बसायचा आहे का, न्हाणीघराच्या दाराला उंबरा किती, आणि जवळचे रुग्णालय किती अंतरावर. समुद्र खिडकीतून दिसतो का, हे त्यानंतर. रेल्वेत खालचे बाक हवे, तर तिकीट काढतानाच ज्येष्ठांसाठीच्या राखीव कोट्यातून मागावे. गाडीत बसल्यावर तरुणांच्या दयेवर सोडू नये.

गेल्या महिन्यात एक तरुण एकटाच आला. वडिलांना, वय ब्याऐंशी, काश्मीरला न्यायचे होते. गुलमर्गच्या रोपवेचीही तिकिटे काढायच्या बेतात होता. तो रोपवे दोन टप्प्यांत जवळपास चार हजार मीटरपर्यंत नेतो. मी त्याला म्हटले, आधी वडिलांना घेऊन ये. दुसऱ्या दिवशी ते आले. एस.टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले, पांढरीशुभ्र टोपी, श्वास थोडा आखूड. मुलाला मी बाहेर बसायला सांगितले आणि विचारले, ‘‘काका, तुम्हाला कुठं जायचंय?’’ त्यांनी बराच वेळ टोपी हातात फिरवली.

‘‘माथेरानच्या गाडीत बसायचंय,’’ ते म्हणाले. ‘‘नेरळहून.’’

‘‘आणि वर जाऊन काय पाहणार?’’

‘‘वर काही नाही. वळणावर गाडी वळली की खिडकीतून पुढचं इंजिन दिसतं म्हणतात. ते बघायचंय. मग चहा प्यायचा आणि परत.’’

मुलगा आत आल्यावर त्याला ते सांगितले. ‘‘एवढ्यासाठी?’’ तो म्हणाला, आणि मग गप्प झाला. माथेरानला दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटारी जात नाहीत आणि तांबड्या वाटांवर धूळ उडते, त्यामुळे स्थानकाजवळच थांबून परतणे त्यांच्या छातीलाही बरे होते. पावसाळ्यात नेरळहून ही गाडी बंद असते, म्हणून दिवाळीनंतरची तारीख धरली. मी चिठ्ठीवर लघवीच्या गोळीची त्या दिवसापुरती वेळ बदलून दिली, आणि नेरळला गाडीत चढण्यापूर्वी स्थानकावरच स्वच्छतागृहात जाऊन यायचे, हे मुलाला सांगितले. आधी त्याने स्वतः जायचे.